वडीलधाऱ्यांनी पसंत केलेला टर्बो

वीरधवल मलकापूरचा, माझा शाळेपासूनचा मित्र. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, त्याने एक जुनी जर्मन गाडी घेतली. ती सरळ चालवायची नव्हती. भर वेगात मुद्दाम आडवी घसरवायची आणि घसरवतच वळवायची. याला ड्रिफ्ट म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अपघात वाटला. तो हसत उतरला.

गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये असायची. त्याचे वडील लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना शेड ट्रॅक्टरसाठी हवी होती. ते एकदाच म्हणाले, "कारखान्याच्या तळावर चालवून दाव. नीट फिरली तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर इकून टाक."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच विषय, टर्बो. म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. इस्लामपूरचा दानिश उसाच्या ट्रॅक्टरांचे टर्बो दुरुस्त करतो. त्याने दोन आणून पोत्यावर मांडले. एक मोठा, एक बारका.

"मोठा उशिरा जागा हुतो," दानिश म्हणाला, "आन जागा झाला की आवरत न्हाई. बारका पाय दाबला की हजर. घसरवायला बारकाच पायजे."

"ठाऊक हाय," वीरधवल म्हणाला. मलाही तो महिनाभर हेच सांगत होता.

पण आमच्याकडे दारात बैल येवो की मोटर, चार वडीलधारी बघून जातात. त्यांना न विचारता काही केलं तर ती माणसं कायमची दुखावतात. त्याचे चुलते नानासो आले. त्यांनी दोन्ही टर्बो तळहातावर तोलले, बोट घालून पंखा फिरवला.

"ह्यो बारका? दोन ट्रॉल्या ऊस असला तर चढाला बसंल की खाली."

"आवं नाना, हिला ट्रॉली न्हाई जोडायची," दानिश म्हणाला.

"गप रं. ताकद कवा वाया जाती व्हय?"

चुलती रंगूबाई चहा घेऊन आल्या. मोठ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्योच घ्या. काय तरी आणलंय असं दिसतंय तरी."

शेवटी लालासाहेबांनी दोन्ही उचलून पाहिले. "मोठा."

आता वीरधवल भांडणार असं मला वाटलं.

"बरं आबा," तो म्हणाला.

दानिश माझ्याकडे बघायला लागला. मला काय विचारतो?

मोठा बसवून रविवारी आम्ही साखर कारखान्याच्या तळावर, उसाच्या गाड्या थांबतात त्या मैदानात गेलो. हंगाम संपलेला, उसाची एकही गाडी नाही. लालासाहेब खुर्ची टाकून बसले. वीरधवलने स्टिअरिंग वळवून पाय दाबला. काहीच झालं नाही. गाडी लग्नाच्या वरातीसारखी संथ गोल निघाली. मग टर्बोची शीळ वाजली, सगळी ताकद एकदम आली, आणि गाडी गरागरा फिरून उलटी चिपाडाच्या ढिगात घुसली. त्याने ती बाहेर काढली, पुन्हा दाबली. पुन्हा ढीग.

मला वाटलं, संपलं.

वीरधवल उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. "न्हाई जमलं आबा. गाडी इकतो."

लालासाहेबांनी नानासोंकडे पाहिलं. नानासो चिपाडाकडे बघत होते.

"मोठा मीच म्हनलो व्हतो," लालासाहेब म्हणाले.

"समदीच म्हनलो व्हतो," नानासो पुटपुटले.

"मग पोराला दोषी कसं धरायचं?" लालासाहेब गाडीकडे वळले. "बारका कुठाय?"

वीरधवलने डिकी उघडली. बारका टर्बो फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. शेजारी नट खोलायचे पाने आणि टर्बो बसवताना लागणारे नवे गॅस्केट.

लालासाहेबांनी फडकं उचलून पाहिलं, पुन्हा झाकलं. "पुढच्या रविवारी परत दाव. आन ह्या टायमाला मला इचारू नगंस."

पुढच्या रविवारी गाडी आडवी घसरत अख्ख्या तळाला वेढा घालून आली. लालासाहेबांनी खुर्ची तेवढी दोन हात मागे घेतली. ट्रॅक्टर अजून ताडपत्रीखाली बाहेरच उभा असतो.

"तू हे सगळं आधीच ठरवलं होतंस?" मी त्याला विचारलं.

"वडलांचा शब्द मोडायचा नसतो गड्या," तो म्हणाला.

तो हसत नव्हता. मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. माणसं वाचायला येतात म्हणून मला पदवी मिळालेली. मला काहीच वाचता आलं नाही.