टिकली न लावता झालेलं बोलणं

माझी लेक अमेरिकेत टीव्हीवर कार्यक्रम करते. असं म्हटलं की लोकांना फार मोठं वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकते. तिकडच्या आपल्या लोकांच्या मंडळाचं एक छोटं चॅनेल आहे, त्यावर शनिवारी सकाळी हिचा गप्पांचा कार्यक्रम लागतो. नोकरी वेगळी आहे, हे हौसेचं. स्टुडिओ म्हणजे तिथल्या एका देवळाखालची खोली. दोन खुर्च्या, मागे वारली चित्रांचा पडदा आणि मधल्या टेबलावर कापडाची सूर्यफुलं. फोन फिरवून फिरवून तिनंच मला दाखवलं होतं. पाहुणे म्हणजे कधी डॉक्टर, कधी पोरींना भरतनाट्यम शिकवणारी बाई, कधी कर कसा भरायचा ते सांगणारा. तिकडे सकाळी लागतं तेव्हा इकडे प्रताप नगरात दिवेलागण होते. मी देवापाशी दिवा लावते आणि टीव्हीवर यूट्यूब लावून बसते. एक भाग चुकवला नाही. करवाल्याचाही पूर्ण ऐकला, मला काय करायचं होतं त्याच्या कराशी!

कार्यक्रमात ती ओळखू येत नाही. काठाची साडी, कपाळावर ठसठशीत टिकली, आणि मराठी अशी की वाटावं ही पुण्यातच वाढली. "मला असं वाटतं," म्हणते. घरी जन्मभर "मले" म्हणणारी पोरगी. रविवारी मात्र तिचा फोन येतो तेव्हा अंगात ढगळ टी-शर्ट, केस चिमट्यात अडकवलेले, कपाळ मोकळं. आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "काय करून राहिली वं आई?" ते ऐकलं की मला बरं वाटायचं. माझ्या मनानं एक हिशेब धरला होता. टिकली असली की ती लोकांची, नसली की माझी. हा हिशेब मी तिला कधी बोलून दाखवला नाही. बोलायचं काय त्यात!

मुलगा इथेच, मनीषनगरात. लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट आहे, सून बँकेत जाते, नात शाळेत. दर रविवारी तिघं माझ्याकडे जेवायला येतात. आमचे हे गेले त्यानंतर सगळ्यांनी मला विचारलं की आता मुलाकडे जाणार का. मी सांगायची, मला माझी गच्ची सोडवत नाही, माझ्या मैत्रिणी इथे आहेत. लोकांना हे उत्तर पटायचं. खरं असं होतं की मला कोणी ये म्हटलंच नव्हतं. वाईट वागले असं नाही हं. औषधं आणून देतात, दवाखान्यात नेतात, सून तर माझ्या आवडीची शेव लक्षात ठेवून आणते. फक्त तो एक शब्द कोणी उच्चारला नाही आणि मीही मागितला नाही. मागून घेतलेलं बोलावणं ते काय बोलावणं?

तर या भाद्रपदात लेकीचा फोन आला की आई, भुलाबाईवर भाग करायचा आहे आणि त्यात तू पाहिजेस. मी हसलेच. म्हटलं, तिकडे डॉक्टर संपले काय? पण मनातून हरखले. आमच्या नरखेडकडच्या गावात भुलाबाई म्हणजे पोरींचा महिना असायचा. मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडायचे, घरोघरी जाऊन गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. खाऊचा डबा बंद. घरची बाई तो कानाशी वाजवून दाखवते, पोरी विचारतात, गोड की तिखट, ओला की कोरडा. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही. लेकीनं लहानपणी हे सगळं केलं होतं. ती म्हणाली, "तू गाणी म्हण, डबा वाजव, इकडच्या पोरी ओळखतील. मजा येईल."

त्याआधी तिला फोन कुठे ठेवायचा, उजेड कसा पडतो, आवाज नीट येतो का, ते पाहायचं होतं. एका सकाळी फोन आला. मी गाऊनवर होते, समोर अंबाडीची जुडी निवडायला घेतली होती. तिनं सांगितलं तसा फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि भाजी निवडत बसले. तिच्याकडे पाहिलं. टी-शर्ट, चिमटा, कपाळ मोकळं. म्हणजे आमची रविवारची लेक. बोलत राहा म्हणाली, म्हणून बोलत राहिले.

इकडचं तिकडचं झालं. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "आई, खरं सांग, तुले एकटं वाटते काय?"

इतकी वर्षं हे कोणी विचारलं नव्हतं. अंबाडीची पानं तोडता तोडता माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, "वाटते ना. संध्याकाळी जास्त. दादानं अजून ये म्हटलं नाही मले." आणि तिच्याकडे पाहून म्हटलं, "तू तरी कुठं म्हटलं?"

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, लागलं पोरीला. मीच घाईघाईनं विषय बदलला, अंबाडीत डाळ घालू की कण्या घालू असलं काहीतरी विचारलं. फोन ठेवल्यावर दिवसभर मला चुटपुट लागली की सातासमुद्रापलीकडच्या पोरीला उगाच बोलले.

दोन दिवसांनी खरं शूटिंग झालं. मी गडवाल साडी नेसले. गल्लीतल्या मैत्रिणी जमल्या, भुलाबाई मांडली, आम्ही म्हाताऱ्या गळा काढून गायलो. समोर फोनमध्ये लेक साडीत, टिकली लावून. मी डबा वाजवला. तिकडच्या पोरींना काही ओळखता आलं नाही, एक म्हणाली कॉर्नफ्लेक्स. आम्ही पोट धरून हसलो.

ज्या शनिवारी तो भाग होता त्या संध्याकाळी मी सगळ्यांना बोलावलं. गल्लीतल्या बायका, मुलगा, सून, नात. नातीसाठी डब्यात खाऊ भरून ठेवला, कार्यक्रम संपला की तिला ओळखायला लावायचा म्हणून. समोरच्या काकू दारातूनच ओरडत आल्या, "काय वं, आता तुले भेटाले नंबर लावा लागीन वाटते!" सून सगळ्यांना चहा देत होती. मुलानं टीव्ही लावला.

लेक आली. टिकली, साडी, नमस्कार. म्हणाली, आजचा विषय आहे, आपल्या मागे राहिलेल्या आया. शेजारी एक समुपदेशन करणाऱ्या बाई बसल्या होत्या. मला वाटलं ही प्रस्तावना असेल, भुलाबाई पुढे येईल. आणि पडद्यावर मी आले. गाऊनवर, विस्कटलेल्या केसांनी, मांडीपुढे अंबाडी. खाली व्हायोलिनसारखं काहीतरी रडकं वाजत होतं.

"वाटते ना. संध्याकाळी जास्त. दादानं अजून ये म्हटलं नाही मले."

आणि तिथेच चित्र थांबवलं. माझा चेहरा तसाच अडकून राहिला, तोंड अर्धवट उघडं. पुढचं वाक्य नव्हतं. त्या उघड्या तोंडातून पुढे काय निघालं होतं ते एक मला माहीत होतं आणि एक तिला.

मग ती परत दिसली, रुमालानं डोळे टिपत. म्हणाली, मी इतक्या दूर आहे, पण जे जवळ आहेत त्यांचं काय? समुपदेशनवाल्या बाईंनी मान हलवली. भुलाबाई नव्हती, गाणी नव्हती, डबा नव्हता. गल्लीतल्या बायका स्वतःला पाहायला आल्या होत्या, त्या चहाच्या कपात पाहत होत्या. काकूंना काहीतरी बोलायचं होतं म्हणून त्या म्हणाल्या, साफ दिसत होतं बाकी. मग एकेक करून गेल्या.

मुलगा रिमोट हातात धरून बसला होता. मी म्हटलं, अरे, मी पुढे अजून बोलली होती. तो म्हणाला, असू दे आई, आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या खिशातच होती.

सून स्वयंपाकघरात कप धूत होती. एरवी ती कप बेसिनमध्ये ठेवते, सकाळी बाई येते म्हणून. मी मागे जाऊन उभी राहिले. तिनं वळून पाहिलं नाही.

"तुम्हीच तर सगळ्यायले सांगत होत्या का गच्ची सोडवत नाही म्हणून," ती म्हणाली. "आम्हाले तेच खरं वाटलं. आता माझ्या ऑफिसातल्या बाया पाहतीन, माझी आई पाहीन."

मी सांगितलं की मी फक्त तुम्हाला नाही बोलले, तिलाही बोलले, तू तरी कुठं म्हटलं म्हणून. तिनं नळ बंद केला. पदराला हात पुसत म्हणाली, "ते नाही ना दाखवलं."

नातीला खाऊ ओळखायला लावायचा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. लेकीचा फोन मात्र वेळेवर आला आणि ती आनंदात होती. किती लोकांनी लिहिलं, किती रडले, एका बाईनं तर लगेच इंडियाचं तिकीट काढलं. मी तिला बोलू दिलं. मग विचारलं, भुलाबाई काहून काढली? म्हणाली, वेळेत बसली नाही, आणि हे जास्त खरं होतं आई, लोकांना भिडलं. मी म्हटलं, ते बोलणं तर तू फोनचा उजेड पाहायला घेतलं होतं. ती म्हणाली, रेकॉर्डिंग सुरूच असतं गं, ते काय सांगावं लागतं?

गं म्हणाली. वं नाही.

"माझं दुसरं वाक्य कुठं गेलं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तो शोचा विषय नव्हता, आई."

मी म्हटलं, यूट्यूबवरून काढून टाक. ती म्हणाली, मंडळाचं आहे, माझ्या एकटीच्या हातात नाही, आणि दादाला जरा कळलं तर काय वाईट झालं? तिला खरंच वाटत होतं की तिनं माझं काम केलं. भावाला जागं केलं. मला तिचा तो समाधानी चेहरा बघवेना. ज्या पोरीनं मान खाली घातली होती तिच्यासाठी मी दिवसभर हळहळले होते, आणि तिनं मान वर करून पहिलं काय केलं असेल तर तेवढाच तुकडा कापला.

पुढच्या रविवारी मुलगा एकटाच आला. चप्पल न काढता दारात उभा राहिला.

"आई, चल. सामान बांध. पोरीच्या खोलीत पलंग टाकू, टेम्पो सांगून ठेवला आहे."

हे वाक्य मी इतक्या संध्याकाळी मनात ऐकलं होतं. गच्चीवर वाळवण आवरताना, त्याची गाडी वळणावर दिसली की, दर वेळी वाटायचं आज म्हणेल. म्हटलं की मी आधी नाही म्हणणार, तो आग्रह करणार, मग मी जाणार, असंही ठरवून ठेवलेलं होतं. आणि आता ते आलं तर त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते. चपलेकडे होते. गल्लीतून कोणी जात होतं तर त्यानं आवाज जरा मोठा केला, टेम्पोचं त्यांनाही ऐकू जावं असा.

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. विचारलं, "कार्यक्रम पाहिला नसता तर म्हटलं असतं काय गा?"

तो पाणी पीत राहिला. ग्लास रिकामा झाला तरी तोंडाला लावून होता.

मग मी म्हटलं की मला गच्ची सोडवत नाही. त्यानं एकदाही आग्रह केला नाही. जाताना त्याच्या खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं मला दिसलं, आणि आता तो लोकांना सांगू शकेल की आम्ही तर म्हटलं होतं, तीच येत नाही. ते खोटंही नाही. दाराशी त्याला मी डबा दिला, नातीला दे म्हटलं, आणि सांग, न ओळखता उघडू नको. आतला खाऊ तेव्हाचा नव्हता. त्या सकाळी मी ताजा भरला होता, ती येईल म्हणून.

तिघं पुन्हा जेवायला यायला लागली आहेत. सून शेव आणते, पण माझ्याशी बोलताना शब्द निवडून निवडून बोलते, जणू माझ्या मागे कुठेतरी फोन टेकवलेला आहे.

आणि लेकीचा फोन रविवारी वाजतो. मी लगेच उचलत नाही. आधी गाऊन बदलते, इस्त्रीची साडी नेसते, केसांवरून कंगवा फिरवते. तोवर एकदा कट होतो, पुन्हा वाजतो. तिचं कपाळ मोकळं, केस चिमट्यात, "काय करून राहिली वं आई?"

"काही नाही," मी सांगते. "बरी आहे मी. तू कशी आहेस?" आणि "मला" म्हणते, "मले" नाही. परवा ती म्हणाली, आई, हल्ली तू फार छान दिसतेस फोनवर, कुठे निघालीस का? मी म्हटलं, नाही, घरीच आहे.