टाय रॉडवरची पिवळी रेघ

नांदेडहून लातूरला निघालो तेव्हा गाडीच्या पोटाखाली एक पिवळी रेघ होती आणि माझा गाडी चालवण्याचा हक्क त्या रेघेवर अवलंबून होता. लातूरला राहणारी माझी मुलगी वैशाली हिचे म्हणणे असे की, गाडी डावीकडे ओढत नाही, बाबा ओढतात. या खेपेला दुरुस्तीनंतरही गाडी ओढली, तर किल्ली आईकडे द्यायची, असे तिने फोनवर ठरवून टाकले. प्रतिवादीचे म्हणणे ऐकून घेण्यात आले नाही.

चाकांची अलाइनमेंट यापूर्वी दोनदा करून घेतली होती; दोन्ही वेळा ती सरकली. त्याबद्दल गॅरेजला सविस्तर पत्र लिहिले, त्याचे उत्तर आले नाही. म्हणून या वेळी मी मिस्त्रीसमोर उभाच राहिलो. पुढच्या चाकाचा कोन ठरवणारा दांडा (टाय रॉड) फिरवून त्याने चाक सरळ केले, दांड्याला जागेवर धरणारा चेकनट पान्याने आवळला आणि नट व दांडा या दोहोंवरून रंगाची आडवी रेघ ओढली.

"बघा साहेब, नट हलला की रेघ तुटंल. तुटली तर चूक माझी. न्हाई तुटली, तर..."

"तर काय?"

"तर काय न्हाई. जा आरामात."

लोह्याच्या पुढे रस्ता चांगला आहे. गतिरोधक मात्र रंगाविना आणि फलकाविना आडवे येतात. त्यासंबंधीच्या अर्जाचा मसुदा मी मोठ्याने जुळवत होतो आणि पत्नी मालती शेजारी बसून तो ऐकत होती. सोयाबीन निघून गेलेली काळी राने, मधूनच फुलावर आलेली तूर. अहमदपूरला सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ) खाल्ली. शेंगदाणे सढळ हाताने घातले होते; तक्रारीस जागा नव्हती.

चाकूरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना गाडी तिच्याकडेच झुकू लागली. मी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरले.

"अहो," मालती म्हणाली. एवढेच.

चाकूरला रस्त्यालगतच्या एका गॅरेजपाशी थांबलो. तेथील रफीक मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली गेला.

"काका, रेघ तर जशीच्या तशी हाय. केसभर सरकली न्हाई."

मालतीने माझ्याकडे पाहिले नाही, हे मला दिसले.

"डावा हात दुखतो का काका?" गाडीखालून आवाज आला.

"हाताचा येथे प्रश्न नाही."

"आमचे अब्बाबी असंच म्हणायचे. शेवटी म्हशीवर गाडी घातली. म्हैस वाचली, गाडी न्हाई."

माझा संताप झाला. पण संतापात मला प्रसंगांचा क्रम नेहमीच स्पष्ट आठवतो. "बाहेर या," मी म्हणालो. "ही रेघ नट आवळल्यानंतर ओढली, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे नंतर काही हलले नाही, एवढेच ती सांगते. आवळताना काय झाले, ते ती सांगू शकत नाही. हा घटनेनंतरचा पंचनामा आहे."

"आवळताना दांडा दुसऱ्या पान्यानं धरला होता का त्यानं?"

"हातात एकच पाना होता."

"मंग नटासंगं दांडाबी फिरला की." तो हसू लागला. "वकील हायेत का तुम्ही?"

"ग्राहक आहे."

त्याने चाकांच्या बाजूने दोरी ताणून कोन पाहिला, तो चुकलेलाच होता. मग दांडा एका पान्याने धरून दुसऱ्याने नट आवळला. दोरी पुन्हा लावायला मी सांगणार, तोच तो म्हणाला, "लावतो, लावतो. न्हाईतर कोर्टात न्याल." कोन जागेवर होता. त्यानंतरच त्याने जुनी रेघ पुसून नवी ओढली.

लातूरपर्यंत गाडी सरळ गेली. सगळी हकिकत ऐकून वैशाली म्हणाली, "बरं बाबा. पण परतीलाही तोच नियम." मी मान्य केले, माझी बाजू भक्कम होती.

परतीला अहमदपूर मागे पडेपर्यंत काही झाले नाही. माळाकोळीच्या जवळ डावे चाक कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर चढले. मी गाडी सावरली. थोड्या वेळाने ते पुन्हा चढले. मालती समोर पाहत होती.

गाडी कडेला घेतली आणि गुडघे टेकून खाली पाहिले. रेघ अखंड होती, आणि या खेपेला ती योग्य वेळी ओढलेली होती. तिच्याविरुद्ध मांडण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. डावा हात उघडला, मिटला. पूर्ण मिटायला त्याने जरा वेळ घेतला.

मी जाऊन मालतीच्या बाजूचे दार उघडले.

"काय निघालं?" तिने विचारले.

"गाडी ठीक आहे."

ती उतरली. पलीकडे जाऊन स्टिअरिंगपाशी बसल्यावर म्हणाली, "सीट पुढं घ्यावी लागेल. तुमचे पाय लांब."

अलाइनमेंट सरकू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी दोन पान्यांचा आग्रह धरावा, नट आवळल्यावर कोन पुन्हा पाहायला लावावा आणि खूण सर्वांत शेवटी करू द्यावी. माझ्या गाडीचे तसेच केलेले आहे. मालतीने पहिला गिअर टाकला तेव्हा मोठी खरखर झाली. मी बाहेर तुरीकडे पाहत राहिलो.