जंभेरीचं पान आणि जेन्ट्सचा सेंट

अकोल्याच्या दुकानदाराने कागदाच्या पट्टीवर सेंट मारला आणि पट्टी माझ्या नवऱ्यापुढे धरली. धाकट्या दिराचं लग्न होतं, नवरदेवाला सेंट हवा होता. मी मधेच पट्टी ओढून घेतली.

"ताई, हा जेन्ट्सचा आहे," दुकानदार म्हणाला.

"नाकात कुठं जेन्ट्स-लेडीज असते, भाऊ?"

बोलले खरी, पण वर्षभर मला कशाचाच वास येत नव्हता. अलीकडे फोडणीचा ठसका तेवढा कळू लागला होता, तेही मी कोणाला सांगितलं नव्हतं.

वलगावजवळ आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. मग खालून जंभेरीही फुटते. तो फुटवा कापायचा, संत्र्याचा ठेवायचा. कोवळी पानं दिसायला सारखीच. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, मला नवी नवरी असतानाच शिकवलं: पान चुरगळ, नाकाशी धर, मगच चाकू लाव. त्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. मागच्या वर्षी तापात नाक गेलं. सांगायची लाज वाटली. नुसत्या अंदाजाने अख्खा वाफा कापला, आणि संत्री छाटून जंभेरी ठेवली! मामाजी रागावले नाहीत. चाकू काढून घेतला आणि म्हणाले, "राहू दे आता, सूनबाई." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पट्टी नाकाशी नेली आणि झणकाच आला. लिंबाची साल! कागदावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मनगटावर मारायला लावला आणि थांबले.

"अवं, चाल ना, कापडाचं दुकान बंद होईन," नवरा कुरकुरला. मी जागची हलले नाही. लिंबू विरलं, मागून संत्र्याच्या बहराचा वास आला, आणि त्याच्याही खालून काहीतरी कडवट, हिरवं.

"पान हाय यात!" मी ओरडलेच. "चुरगळलेलं पान!"

दुकानदाराने हसत मोबाइलवर शोधलं. लिंबाची साल, नारिंगाचं फूल, नारिंगाच्या पानांचा अर्क. त्याचं हसू विरलं. "ताई, तुम्ही सेंटच्या धंद्यात आहात का?"

"कलमांच्या," म्हटलं आणि भर दुकानात रडले.

सेंट म्हणाल तर चांगला. भडक नाही, डोकं उठवत नाही, नवरदेवाला शोभेल असा. फक्त अमरावती येईपर्यंत मनगटावर नावालाच उरला. तरी घेतला.

घरी पाय ठेवताच नवऱ्याने सगळं मामाजींना सांगून टाकलं. ते तडक वाफ्यात गेले आणि दोन्ही मुठींत पानं चुरगळून आले.

"डोये मीट. संत्र्याचं कोणतं?"

डावी मूठ हुंगली, उजवी हुंगली, पुन्हा डावी.

"एकबी नाही. दोन्ही जंभेरीचे हायेत. मले फसवून राहिले का, मामाजी?"

मामाजी खो खो हसले. मी डोळे उघडले तेव्हा त्यांनी खिशातून कलमाचा चाकू काढून माझ्यापुढे धरला होता.

"वर्षभर एकटाच कापून राहिलो वो बाई," ते म्हणाले, "कंबर मोडली माझी. घे तुझा तू."