कॅसेटमधला अजू

मी दिल्लीला निघालो तेव्हा आमचे माग चालू होते. घरातलं माणूस परगावी निघालं म्हणून माग बंद ठेवायची पद्धत इचलकरंजीत नाही. खाली कारखाना आणि वर आमचं घर, त्यामुळे बाहेर पडायचं ते मागांच्या मधूनच. आईनं वरच हातावर दही घातलं, "पोचल्यावर फोन कर, विसरशील" म्हणाली. जिना उतरल्यावर काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. माझा धाकटा भाऊ अजू पलीकडच्या मागाशी तुटलेला धागा जोडत होता. त्यानं मान वर केली आणि नुसते ओठ हलवले. "जा तू. मी आहे इथं."

तुमच्यापैकी जे मागांच्या घरातले आहेत त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. यंत्रमागांच्या धडधडाटात ओरडून घसा बसतो, बाकी काही होत नाही. म्हणून आम्ही पोरवयापासून ओठ वाचतो. आमच्याकडची भांडणं, थट्टा, जेवायला बोलावणं, सगळं ओठांवर. दिल्लीत सरकारी नोकरीला लागलो तेव्हा काचेपलीकडे बसलेले साहेब माझ्याबद्दल फोनवर काय बोलतात ते मला इकडून कळायचं. फार चांगलं नसायचं.

या सवयीची किंमत पुढं कळली. मी गेल्यावर थोड्याच वर्षांत अजू काविळीनं गेला. निरोप मिळून मी निघालो, पण तो गेला तेव्हा गाडीतच होतो. त्यानंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की अजू मला दिसतो, बोलताना दिसतो, शब्द न् शब्द कळतो, पण त्याचा आवाज येत नाही. माझ्या आठवणीतल्या अजूला आवाजच नाही.

वास्तविक तो गायचा. आमचा बँड होता. शुक्रवारी आमच्या भागात वीज बंद, माग बंद, म्हणून बँडचं नावही 'शुक्रवार सुट्टी'. अजू गाणी लिहायचा आणि म्हणायचा, बशीर गिटार वाजवायचा, मी वरातीच्या बँडवाल्याकडून आणलेला ढोल आणि दोन पत्र्याचे डबे बडवायचो. वीज नाही म्हणून प्रचाराच्या रिक्षावर असतो तसला, ट्रकच्या बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर. मागांच्या मधल्या बोळात उभं राहून आम्ही जे करायचो त्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात हे आम्हाला फार उशिरा, दुसऱ्यांकडून कळलं. आई त्याला शुक्रवारचा धिंगाणा म्हणायची. तेव्हाच्या तीन-चार कॅसेटी आम्ही टेपरेकॉर्डरवर केल्या, त्यांच्या नकला कोल्हापूर-पुण्याच्या होस्टेलांतून फिरल्या. अजूचा तो बारीक, घाईघाईचा, रडवेला आवाज पोरांना फार आवडायचा. मूळ कॅसेटी आईकडे. अजू गेल्यापासून ती रोज सकाळी एक लावते, आणि मग चहा करते.

आता इतक्या वर्षांनी दिल्लीतल्या एका लहानशा म्युझिक कंपनीनं आमच्या सुरुवातीच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह काढायचं ठरवलं. बशीर पुण्याहून फोनवर म्हणाला, "सतीश, मोठी तबकडी निघणार, फोटोबिटो घालून. तू तिथंच आहेस, तू जाऊन बस." मी मूळ कॅसेटी मागवून घेतल्या. आईजवळ नकला होत्याच, तरी पाकीट बांधताना ती रडली म्हणे. माझी मुलगी इथंच, दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये वाढलेली. एक गाणं ऐकून तिनं विचारलं, "बाबा, धोटा म्हणजे क्या?" आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो, म्हणून मी हातानं करून दाखवलं. तिनं "अच्छा" म्हटलं आणि हेडफोन काढून ठेवला.

स्टुडिओत तान्या नावाची साउंड इंजिनीअर होती. दोन दिवस हेडफोन कानाला लावून बसली आणि मग मला बोलावून तिनं हिंदीत जे समजावलं त्यानं माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमचा टेपरेकॉर्डर शुक्रवारी सेलवर चालायचा. गाणी होता होता सेल उतरायचे आणि टेप हळू फिरायची. हळू भरलेली टेप घरी विजेवर लावली की पळते, आणि आवाज बारीक होतो. म्हणजे होस्टेलांना आवडलेला तो रडवेला आवाज अजूचा नव्हताच. उतरलेल्या सेलांचा होता.

"सर, असली आवाज़ कैसी थी? आप बताइए, मैं स्पीड उतनी कर दूँगी," ती म्हणाली.

सख्ख्या भावाचा आवाज कसा होता हे मला सांगता येईना. ती एकेक वेग लावून दाखवायची. एकात तो पोर वाटायचा, एकात बुवा. मी प्रत्येकाला मान हलवायचो, कारण कुठलाही अजू असू शकत होता. घरी येऊन मी जेवलो नाही. माणूस गेला, हे एकदा सोसलं होतं. पण जगात कुणाकडेच त्याचा खरा आवाज उरला नाही, आणि मी विचारलं तरी मला तो आठवणार नाही, हे सोसवेना. आईला विचारायची छाती झाली नाही. तिला काय म्हणणार, तू रोज ऐकतेस तो अजू नाही म्हणून?

मग मी वेड्यासारखा पानिपतला गेलो. तिथंही माग आहेत. ओळखीच्या एकाच्या कारखान्यात जाऊन मागांमध्ये उभा राहिलो, डोळे मिटले. वाटलं, मागांचा धडधडाट कानात भरला की त्याच्याबरोबर अजूही येईल. आला. धागा जोडताना दिसला, हसला, ओठ हलले. आवाज नाही. मालकानं मला बाहेर आणून पाणी दिलं आणि तब्येत विचारली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून हमसून हमसून रडलो. शेजारच्या बाईंनी मुलाला उचलून पलीकडच्या सीटवर नेलं.

वाट दाखवली ती बशीरनं. मी फोनवर रडतोय हे कळल्यावर तो आधी चिडला, मग म्हणाला, "अरे, तुमच्या आईची पेटी." एका गाण्यात सुरुवातीला त्यानं आईच्या भजनी मंडळाची पेटी वाजवली होती, एकच सूर धरून. त्या पेटीच्या बाकीच्या पट्ट्या तेव्हाच फुसफुसत होत्या, म्हणून त्याला काळी एकच धरावी लागायची. "पेटीचा सूर काय सेलवर चालतो का?" तो म्हणाला. पेटी अजून घरी आहे. मी आईला फोन केला आणि काळी एक दाबून धर म्हटलं. कशाला, म्हणून तिनं विचारलं. तबकडीच्या कामाला हवी आहे म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. तिनं भाता मारला, फोनमधून तो सूर आला, आणि मागून तिचा दमलेला श्वास.

तान्यानं टेपचा वेग कमी करत करत टेपवरची पेटी आईच्या पेटीच्या सुरावर आणून ठेवली. मग गाण्याच्या आधीचा तुकडा लावला, जो आम्ही कधी लक्ष देऊन ऐकलाच नव्हता. खुर्ची सरकली, बशीर खोकला, आणि एक जाडसर, जरा घोगरा, अजिबात घाई नसलेला आवाज म्हणाला, "दादा, चालू केलास का?"

मला ओळखावं लागलं नाही. मी "हो" म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असणार, कारण तान्यानं टेप थांबवली आणि ती खोलीबाहेर गेली. मी तो तुकडा परत परत ऐकला, मग पुढचं गाणंही. रडवेपणा कुठंच नव्हता. माझा भाऊ सुखी माणसाच्या आवाजात गात होता. इतकी वर्षं मी त्याला मागांमध्ये एकटा टाकून आलो असं समजून कुढत होतो, आणि त्या कुढण्यालाही बहुधा ती पळणारी टेपच साथ देत आली होती. अजू रडत नव्हता. हे आईला कळायलाच हवं, असं मला वाटलं. तिची निम्मी रड तरी थांबेल.

शुक्रवार बघून मी तिला ते गाणं पाठवलं, म्हणजे खाली माग बंद असतील आणि नीट ऐकू येईल. काय आहे ते मुद्दाम सांगितलं नाही. तिनं ओळखावं असं वाटत होतं. अर्ध्या तासानं तिचा फोन आला.

"ऐकलं. अजूचंच गाणं आहे की ते."

"होय. आवाज कसा वाटला?"

"हे तू म्हटलंयस होय?" आई म्हणाली. "कधी म्हटलंस? मला कधी बोलला नाहीस."

सगळं समजावून सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. टेप, सेल, पेटी. सांगितलं असतं तर तिनं विश्वासही ठेवला असता, मुलगा दिल्लीत साहेब आहे म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट लावायला तिचा हात गेला असता आणि मध्येच थांबला असता. तिला अजू एकदाच गमावू दे, म्हटलं.

"हो, मीच म्हटलंय," मी म्हणालो. "गंमत म्हणून."

"बरा आहे आवाज. पण अजूची सर नाही त्याला."

"नाही आई. अजूची सर कुठली असणार."

ती समाधानानं हसली आणि जेवलास का म्हणून विचारलं. नंतर मी तान्याला कळवलं की सगळी गाणी कॅसेटच्याच वेगात राहू द्या. बशीरनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, मग त्यालाही पटलं.

मागे राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे निघून गेलेले तुम्ही, घर कुठं आहे म्हणून आपण एकमेकांना विचारत असतो. तबकडी आता निघाली आहे. इचलकरंजीच्या घरात तिच्यावर अजू पळत्या आवाजात गातो, आणि आईचं घर भरलेलं असतं. मला तिथं गेलं की तो ऐकावा लागतो आणि मान डोलवावी लागते. खरा अजू इथं आर. के. पुरमच्या दोन खोल्यांत, माझ्या फोनमध्ये आहे. "दादा, चालू केलास का?" विचारतो. त्याला ओळखणारं या घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मी दार लावून घेतो आणि हो म्हणतो.