भाऊजींचा चौथा फेडर

आमचे भाऊजी एरवी अबोल, पण माझी खोड काढायची म्हटली की त्यांना कंठ फुटायचा. गाण्यांचं मिक्सिंग हा त्यांचा धंदा. गळा, वाद्यं, सगळं वेगवेगळं रेकॉर्ड होऊन यायचं आणि कोण पुढे, कोण मागे हे ठरवून भाऊजी त्याचं गाणं करायचे. माझा धंदा त्यांच्याच शेजारचा. स्टुडिओंमध्ये मी फेडरची पॅनलं जोडून देते. पॅनलला स्वतःचा आवाज नसतो. त्यावरच्या सरकपट्ट्या, म्हणजे फेडर, हलवल्या की कॉम्प्युटरमधला आवाज कमीजास्त होतो. कुठल्या फेडरनं काय हलायचं, हे आधी एकेक करून ठरवून द्यावं लागतं. मेहुणी एवढी शिकली आणि बटणं लावत बसली, याहून शिंपीण झाली असती तर निदान माझे शर्ट तरी नीट राहिले असते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

कान मात्र असा, की गाणाऱ्यानं श्वास चोरलेला त्यांना वाद्यांच्या कल्लोळातही सापडायचा. एक गायिका तर त्यांच्याशिवाय कुणाच्या हाती गाणं द्यायची नाही.

मग त्यांना झटका आला. डावा हात लुळा पडला, पाय ओढायला लागला. बोलणं शाबूत राहिलं, हे नशीबच म्हणायचं, असं डॉक्टर म्हणाले. गायिकेनं आपलं नवं गाणं त्यांच्यासाठी अडवून धरलं होतं. ते झालं तर काम पुन्हा सुरू, नाहीतर भाऊजी कायमचे घरी. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

मी त्यांच्याच घरातल्या कामाच्या खोलीत पॅनल एका हातासाठी नव्यानं जोडलं. दोन हातांनी एकदम दाबायची बटणं एकदा दाबली की तशीच राहतील अशी केली. सुरू-बंद पायाच्या पेडलवर नेलं. चौथ्या फेडरवर गायिकेचा आवाज, आजूबाजूला वाद्यं. ताईनं खुर्चीला उशी बांधली. मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

भाऊजींनी गाणं लावलं. चौथा फेडर वर नेला, खाली आणला आणि म्हणाले, "हा जोडलेलाच नाहीये."

मला तर आवाज पुढे येऊन मागे गेलेला ऐकू आला होता. पण ज्यांचा कान माझ्या दसपट, ते म्हणतायत म्हटल्यावर मी माझ्याच कामावर संशय घेतला. जोडणी पुसून पुन्हा केली. केबल बदलली. आवाज सातव्या फेडरवर नेला. तोही मेलेला आहे म्हणाले आणि चिडले. ताई दारातून विचारत होती, मशीनच तसलं निघालं का, आणि तिच्या विचारण्यात चक्क आशा होती. मलाही मशीनच बिघडलेलं हवं होतं.

शेवटी मी वाद्यं बंद करून नुसता गायिकेचा आवाज ठेवला. भाऊजींनी फेडर हलवला. आता चालतोय, म्हणाले. चेहरा खुलला. मी वाद्यं पुन्हा सुरू केली.

"गेला परत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकटा आवाज त्यांना कळत होता. पण सगळं मिळून वाजायला लागलं की त्याचा नुसता लगदा होत होता, त्यातून गळा वेगळा निघत नव्हता. आणि त्यांचा अख्खा धंदा म्हणजे तेवढंच. हात गेला त्याला मी दहा बटणं लावून दिली. याला कुठलं बटण लावू? मला रडू येत होतं, आणि नशीब म्हणणाऱ्या त्या डॉक्टरचा संताप येत होता.

मी केबलशी चाळा करत बसले. भाऊजींनी ते पाहिलं. ताईला पाणी आणायला पाठवलं आणि गाणं पुन्हा लावलं. या वेळी माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी फेडर हळूहळू वर नेला. आवाज वाढला, फार वाढला, कानात घुसायला लागला. चेहरा हलू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, तरी डोळे मिटले गेले. त्यांनी हात काढून घेतला.

"चालतोय ना?"

"चालतोय, भाऊजी."

पायानं त्यांनी गाणं थांबवलं.  मग म्हणाले, "ताईला सांग, मशीन खराब निघालं."

ती पाणी घेऊन आली तेव्हा मी तसंच सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. "मी म्हणतच होते, यांना काही झालेलं नाही," ती म्हणाली, आणि दुसरं मशीन येईपर्यंत थांबा असं सांगायला तिनं बाहेर जाऊन गायिकेला फोन लावला. हसत हसत बोलत होती. घरात दुसरं काहीच वाजत नव्हतं, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द भाऊजींना स्वच्छ ऐकू येत होता.