तेच वचन

“तेच.” सकाळी डेपोच्या फाटकात मी “भाऊ, आज कोणतं वचन?” असं विचारलं, की त्यांचं हे उत्तर ठरलेलं.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. धानोऱ्याच्या लाकूड डेपोत मी कारकून होतो आणि भाऊ करवत ओढत. ख्रिस्ती माणूस. बायबलातलं एक वचन धरायचं आणि ते हातून घडेपर्यंत पुढचं वाचायचं नाही, हा त्यांचा नेम. ओंडक्यावर चढताना, भाकर मोडताना ओठ हलत असायचे. पाहुण्याला घरात घेण्याचं वचन आलं, तेव्हा त्यांच्याकडे पाहुणाच फिरकेना. शेवटी मलाच ओढत जेवायला नेलं. “चला ना बाबू, माहं वचन अडून राह्यलं!”

मोठ्या करवतीला दोन माणसं लागतात. भाऊ ओंडक्यावर उभे असत. खालच्या खड्ड्यात त्यांचा गोंड जोडीदार, तोंडावर भुसा झेलत. एकदा बाजाराच्या घाईत जोडीदारानं न सांगताच ओंडका अडवणारी पाचर काढली. ओंडका फिरला आणि भाऊंची दोन बोटं चेंगरली.

जखम भरली, पण बोलणं तुटलं. भाऊंनी टाकलेल्या माणसाला दुसरं कोणीही जोडीला घेईना. तो बिचारा फाटकाशी बसून राही. नेमकं तेव्हाच भाऊंना अपराध्याला क्षमा करण्याचं वचन आलं. पावसाळा सरला, होळी आली, तरी “तेच.”

“भाऊ, ते सोडा ना. पुढचं घ्या,” मी चेष्टेनं म्हटलं.

“मले काय हौस हाय? होतच नाई.”

मग एका सकाळी ते जोडीदारापुढं थांबले. “वर चढ. मी खाली उतरतो.”

“भाऊ, डोयात भुसा जाईन तुमच्या.”

“जाऊ दे. धर करवत.”

मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं विचारलं, “आज कोणतं?”

“तेच.”

“काल झालं ना?”

“काल झालं. आज बोटं पुन्हा दुखून राह्यली.”

आणि ते खड्ड्यात उतरले. पुढं रोजच उतरत राहिले. नवं वचन त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

भाऊ वारले, तेव्हा जोडीदाराला नवा सोबती मिळाला. त्या दिवसांत ज्यांनी त्याला जोडीला घेतलं नव्हतं, त्यांच्यातलाच एक. जोडीदारानं त्याला वर चढवलं आणि स्वतः खाली उतरू लागला. जोडीदार काही ख्रिस्ती नव्हता, त्याला वाचताही येत नव्हतं. एका सकाळी मी फाटकात उभा होतो.

“बाबू,” तो वळून म्हणाला, “मले नाई विचारत?”

मी विचारलं, “कोणतं?”

“तेच,” तो म्हणाला आणि खड्ड्यात उतरला.