थोरलीचे देव, धाकटीची लक्ष्मी

जव्हारच्या पेठेत गोजाबाईंइतके देव कुणाच्या घरी नव्हते, आणि देवांवर गोजाबाईंइतकी चिडलेली बाईही दुसरी नव्हती. मोजून सतरा देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन खंडोबा, झिजून नाक गेलेला मारुती, आणि ज्यांची नावं खुद्द सासूबाईंनाही सांगता आली नव्हती असे चार-पाच टाक. संस्थानातल्या त्या काळात भाऊ वेगळे झाले की देव थोरल्याकडे जायचे, हा रिवाजच होता. गोजाबाईंचा नवरा दामोदर थोरला, म्हणून देव दामोदरचे. दामोदरने जन्मात एका देवाला पाणी घातलं नाही, म्हणून ते गोजाबाईंचे. सण आला की चिंच आणि राख घेऊन बाई परसात बसायच्या आणि सतराच्या सतरा घासून काढायच्या.

आणि धाकट्या बळवंतच्या वाट्याला काय आलं? लक्ष्मी! काचेवर रंगवलेली, हातभर उंच, डाळिंबी शालू नेसलेली, सोन्याचा वर्ख लावलेली. सासऱ्यांनी ती मुंबईहून आणली होती, डहाणूच्या स्टेशनापासून बैलगाडीत, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून. वाटणीच्या दिवशी गोजाबाई म्हणाल्या, "लक्ष्मी ही देवी. देवी म्हणजे देव. मग ती थोरल्याकडेच हवी." पंचांनी मान हलवली. हिची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, ही कधी देव्हाऱ्यात बसलेली नाही, म्हणजे ही नुसती तसबीर. तसबीर सामानात धरायची. झालं! पाटा-वरवंटा थोरलीला, लक्ष्मी धाकटीला.

धाकटीचं नाव सरू. तिने ती ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लावली. मग काय, पेठेतल्या बाया ऊठसूट तिच्या दारात. गोजाबाईंचे सतरा देव आत अंधारात बसलेले, त्यांना बघायला कोण येणार? लाकडाची मोळी घेऊन येणारी फागीसुद्धा आधी सरूच्या ओटीसमोर थांबायची. गोजाबाईंनी एकदा तिला हटकलंच, तर म्हणाली, "तिची देवी हासते, बाय. तुझे देव नाय हासत." त्या दिवशी गोजाबाईंनी मोळीत दहा खोडी काढल्या.

बरं, सरू तरी भांडखोर असावी! तेही नाही. गोड बोलायची, सणाचं ताट आधी इकडे पाठवायची. त्याने तर गोजाबाईंचा अधिकच जळफळाट व्हायचा. नावं ठेवायला जागाच नाही, अशा माणसाचं करायचं काय?

अशी नऊ वर्षं गेली. दहाव्या वर्षी सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी सरू ती लक्ष्मी पदराखाली धरून आली. "जाऊबाई, माझी भावजय आजारी आहे, आम्ही दोघंही मोखाड्याला निघालोय. घरात दिवा लावायला कुणी नाही. अष्टमीला येते, तोवर देवी तुमच्याकडे राहू द्या."

गोजाबाईंनी दोन्ही हातांनी घेतली. तिची गाडी वेशीबाहेर पडायच्या आत त्यांच्या मनात सगळं जुळलं होतं. परवा घटस्थापना. भटजी येतील, मंत्र म्हणतील. एकदा का त्यांच्या हातून लक्ष्मी देव्हाऱ्यात बसली, की ती तसबीर कसली? देव! आणि देव कुणाचे? आता काय म्हणतात पंच!

पण देव्हाऱ्यात बसणारा देव घासलेला हवा. अमावास्येला दुपारी बाई परसात बसल्या. पुढून काच लखलखीत होती. चौकटीतून काढून उलटी केली, तर मागे सगळं काळपट, खरखरीत. नऊ वर्षांत या सरूने एकदा मागून पुसली असेल तर शपथ! गोजाबाईंनी चिंच-राख घेतली आणि घासलं. लालभडक पाणी आलं. केवढा हा मळ, म्हणत त्यांनी आणखी जोर लावला.

काचेवरचं चित्र मागच्या बाजूने काढतात. रंगवणारा डोळे आणि दागिने आधी काढतो, मग चेहरा, मग शालू, आणि मागचा पडदा सगळ्यात शेवटी. जव्हारात हे कोण सांगणार? शेवटचं आधी गेलं. पडदा गेला, शालू गेला, गाल गेले. हाताला गुळगुळीत लागलं तेव्हा बाईंनी काच सुलटी केली. काचेतून परसातली तुळस दिसत होती. उरले होते दोन डोळे आणि एक नथ.

भटजींना त्यांनी काही दाखवलं नाही. काच खणात गुंडाळून देव्हाऱ्यामागे ठेवली आणि आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

अष्टमीला हळदीकुंकवाला घर भरलेलं असताना सरू आली. "कुठाय माझी लक्ष्मी?" म्हणत तिने देव्हाऱ्यामागे डोकावून काच काढली आणि स्वतःच खण सोडला. बायांच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. सरू काचेकडे बघत राहिली. मग तिने गोजाबाईंकडे पाहिलं. गोजाबाईंना घाम फुटला होता.

"माझ्याच हातचं आहे हे," सरू म्हणाली. "निघायच्या घाईत ओल्या फडक्याने मागून पुसली. जाऊबाई बिचाऱ्या मला सांगणार तरी कशा?"

झालं, सगळ्या बाया सरूभोवती. कुणी तिची पाठ थोपटतंय, कुणी डोळे पुसतंय. एवढी वस्तू गेली, पण कुणाला बोल नाही लावला हो! केवढं मन!

गोजाबाई सुटल्या होत्या. देवापुढे साखर ठेवून गप्प बसायचं. पण कसलं काय! लक्ष्मी हिची, गर्दी हिची, आणि आता माझं पापसुद्धा हिचंच?

"खोटं बोलतेय ती!" गोजाबाई ओरडल्या. "मी घासली! या हातांनी, चिंच लावून, मी घासली!"

पेठेतल्या सगळ्यात थोरल्या गोदाकाकू बोळकं पसरून हसल्या. "पुरे गं गोजे. तिचं कौतुक झालं, तर लगेच तुलाही मोठेपणा हवा झाला होय?"

सगळ्या हसल्या. सरू तेवढी हसली नाही.

गोजाबाई पुन्हा हळदीकुंकवाचं तबक घेऊन उठल्या. काकूंना घासल्याचं काही ठाऊक नव्हतं, पण त्या बोलल्या त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.